सुनीताच्या आधीची

११ नोव्हेंबर
स. ९ ला कमलला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. गर्भपिशवी खाली आली आहे, काढावीच लागेल म्हणाल्या. वय बहात्तर, साखर नाही, बी.पी. गोळीवर. बाई अगदी लहान आहेत, आमच्या नातीएवढ्या. कागद भरताना विचारलं, "आजी, बाळंतपणं किती?"
मी म्हणालो, तीन.
कमल म्हणाली, "चार."
वाटलं, चुकली. म्हटलं, अगं तीन. सुनीता, मग दोघं पोरगे. माझ्याकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "चार लिहा. पह्यली आठव्या महिन्यात झालती. दीड महिना जगली."
बाईंनी चार लिहिलं. पुढचा प्रश्न विचारला.
घरी आल्यावर तिनं कुकर लावला. मी पेपर उघडून बसलो, एक ओळ वाचली नाही. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली.

१२ नोव्हेंबर
सकाळी फिरायला गेलो नाही. चहा घेताना विचारलं. मेथी निवडता निवडता तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.
साल एकाहत्तर. मे महिन्याची सुट्टी संपवून मी नौदलाच्या जहाजावर परत गेलो तेव्हा दिवस राहिलेले. तेव्हा तिलाही कळलं नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं. पत्रं माझे बा लिहायचे, आणि असलं काही पत्रात घालायची त्यांची रीत नव्हती. मूल झाल्यावर कळवू. मग डिसेंबरात लढाई. संक्रांतीच्या आसपास, आमच्या कामरगावच्या घरात, पोर झाली. अगदी मूठभर. बा म्हणाले, जगते का पाहू, मग लिहू. पोर गेल्यावर म्हणाले, आता लिहून काय, पोराचं तिकडे मन लागणार नाही.
"मी म्हनलं मामाजीले, एक कार्ड टाका. ते म्हनले, नाही."
नाव काय होतं?
"ठेवलंच नव्हतं. तुमी आल्यावर ठेवू म्हनलं. मी नुसतं बाई म्हनो."
मेथी निवडून झाली. उठली.

१३ नोव्हेंबर
कालचं राहिलेलं आज विचारलं. मी पुढच्या मेमध्ये सुट्टीवर आलो, तेव्हा काहून नाही सांगितलं?
"सांगनारच होती. तुमी आल्या आल्या म्हनले, वर्षानं मानूस घरी आला अन् तू अशी तोंड पाडून काहून उभी हायेस. मंग नाही सांगितलं."
हे बोललेलं मला आठवत नाही. ती सुट्टी आठवते. कमल बोलायची नाही, जेवायची नाही. मला राग आला होता. चार दिवस आधीच परत गेलो. जहाजावर सांगितलं, बायको घुमी आहे. पुढे घरातही चेष्टेनं घुमीच म्हणत आलो. पोरांसमोर. सुनांसमोर.

१५ नोव्हेंबर
लोखंडी पेटीतून बांच्या पत्रांचा गठ्ठा काढला. नौदलातल्या पंधरा वर्षांतलं एकही पत्र मी टाकलेलं नाही. मी सिग्नलमन होतो. जहाजावर येणारा निरोप आधी आमच्या हातात. केरळच्या एका सोबत्याची आई गेल्याचा निरोप मीच त्याला नेऊन दिला, तासभर त्याच्याजवळ बसलो.
बहात्तरच्या मार्चमधलं पत्र सापडलं. "चि. भीमरावास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. सूनबाई मजेत. गहू बरा आहे. काळजी नसावी." कमलच्या हिशेबानं पोर जाऊन तेव्हा आठवडा झाला होता. अक्षर नेहमीचंच, सरळ, ठसठशीत. नंतर बँकेत तेवीस वर्षं लोकांच्या सह्या पाहिल्या. घाबरलेल्या माणसाची सही लगेच कळायची मला. या पत्रात काही कळत नाही. भिंग घेऊन पाहिलं.
बा वाईट माणूस नव्हते. मला शिकवलं, नौदलात त्यांनीच पाठवलं, स्टेशनवर सोडायला आले तेव्हा रडले. मग हे कसं

१६ नोव्हेंबर
सुनीताचा अकोल्याहून फोन. ऑपरेशनला येते म्हणाली. मी म्हटलं, तुला एक सांगायचं आहे, तू थोरली नाहीस. ती म्हणाली, "बाबा, मले माहीत हाये."
तिचं पहिलं पोटातच गेलं तेव्हा आईनं सांगितलं होतं. त्याला अठ्ठावीस-तीस वर्षं होऊन गेली. तिनं भावांना सांगितलं. माझा धाकटा भाऊ देवीदास तर बहात्तरला घरातच होता.
"मग मला का नाही कोणी सांगितलं?"
"कोनी सांगावं, हेच ठरलं नाही बाबा कदी."
फोन ठेवल्यावर खुर्चीत बसून राहिलो. दिवाळीला सगळे पंगतीला बसतात. त्या पंगतीत माहीत नसलेला मी एकटा.
मॅनेजर असताना वारसाचे कागद माझ्यासमोर व्हायचे. अपत्यं किती, हयात किती, मयत किती. समोरची बाई घुटमळली की मी पेन खाली ठेवायचो, म्हणायचो, सावकाश सांगा. माझं नाव होतं त्यासाठी.

१९ नोव्हेंबर
कमलला न सांगता कामरगावला. वाशीमहून कारंजा बस, पुढे जीप. देवीदास सोयाबीनचं कुटार-भुस भरत होता. मला बघून हातातलं टोपलं खाली ठेवलं. "जयभीम भाऊ. असे अचानक?"
म्हटलं, कुठे पुरलं ते दाखव.
त्यानं काहून, कोणाला, काही विचारलं नाही. चपला घालून पुढे निघाला. वाटेत एकदा म्हणाला, "बानं शपथ घातली होती भाऊ. बा गेल्यावर वाटलं, आता कायले."
नाल्याकाठची बाभूळ होती, तिच्याखाली. आता बाभूळ नाही, नालाही बुजवला. मुरूम टाकून जीपा उभ्या राहतात तिथं. "इथंच," देवीदास म्हणाला. मग दोन पावलं सरकला. "नाही तर इथं."
अर्ध्या तासापूर्वी मी तिथंच उतरलो होतो. गेली तीसेक वर्षं गावी आलो की तिथंच उतरतो. पिशव्या तिथंच खाली ठेवतो.
जीपवाला कारंजा, कारंजा ओरडत होता. मी उभाच होतो. देवीदासनं हात धरून बाजूला घेतलं.

२० नोव्हेंबर
कमलला सांगितलं, जाऊन आलो. म्हणाली, "मले वाटलंच. पायाले मुरूम लागून होता."
ती स्वतः तिथं जाते का कधी? "जीप कुठून घेतो आपन," एवढंच म्हणाली.

२४ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. दीड तास. आत नेताना तिनं बांगड्या काढून सुनीताजवळ दिल्या, चष्मा माझ्याजवळ. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आजी खमक्या आहेत. सुनीतानं पाणी आणलं.

२९ नोव्हेंबर
काल घरी आणलं. अशक्त आहे पण पेज घेते. दुपारी सुनीता बाजारात गेली, आम्ही दोघंच. तिचे केस विंचरत होतो, नीट जमत नव्हतं. पाठमोरीच म्हणाली, "एक विचारू?"
विचार.
"मामाजीनं तवा कार्ड टाकलं असतं, तर आले असते का तुमी?"
मी म्हटलं, हो. लगेच म्हटलं.
थोड्या वेळानं म्हणाली, "कशी होती ते पाह्यलं असतं तुमी. कान तुमच्यावानी होते."
कंगवा हातातच राहिला.
इथं लिहून ठेवतो. लढाई संपल्यावर जहाज मुंबईला लागलं. फेब्रुवारीत सुट्ट्या मिळू लागल्या, यादीत माझं नाव होतं. पोर तेव्हा जिवंत होती. मी सुट्टी घेतली नाही. बढतीची परीक्षा होती, अभ्यासाला थांबलो. घरी कळवलं, सुट्टी मंजूर झाली नाही.
बांना तेच कळवलं, कमललाही तेच माहीत आहे. आज संध्याकाळी दोनदा तिच्या खाटेजवळ गेलो. पहिल्यांदा झोपली होती. दुसऱ्यांदा जागी होती, म्हणाली, "काय म्हनता?"
म्हटलं, गोळी घेतलीस का.