चार अर्ज आणि माझी सही

मंगळवार, १२ ऑगस्ट, संध्याकाळ

राग अजून उतरत नाही. नववीतल्या माझ्या नातीच्या, पल्लवीच्या, बाईंनी आज शाळेत बोलावलं. मला बघून म्हणाल्या, "आता बरं वाटते का?" मला कुठं काय झालं होतं? बाईंनी रजेचे चार अर्ज पुढे ठेवले. चारही अर्जांत मी अंथरुणाला खिळलेली, आणि खाली माझी सही. 'द्वारका'तला लंगडा द्वासुद्धा हुबेहूब. तीन लेकरं झाल्यावर धाकट्याच्या पाटीवर गिरवून शिकलेली सही ती!

घरी येऊन विचारलं, "काहून वं, मले धडधाकट असतानी खाटेवर झोपवलं?"

पोरगी मान खाली घालील तर शपथ. "आजी, शाळेत न जाता शिकली म्हणून तूच तं साऱ्या गावाले सांगतं. मंग मले कायले ढकलतं?"

सांगते खरी, मिरवतेच. त्याचाच जास्त संताप येतो. पण सही यायच्या आधीचं कुठं सांगते? आई गेल्याचं पत्र घरात तीन दिवस पडून होतं, शेजारीण वाचायला मोकळी होईपर्यंत. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

उद्या तिला शाळेत सोडायला मीच जाणार, आणि वाटेत सांगणार. नाही ऐकलं, तर परवा पुन्हा जाईन.