साडेचार टक्क्यांची चूक

मी, खाली सही करणार, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त भाव-नोंदणीदार, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे असून ते जोडलेले नाही.

कलम १. माझे काम असे होते: दर महिन्याला ठरल्या दिवशी, ठरल्या दुकानांत, ठरलेल्याच वस्तूंचे भाव विचारायचे. त्यावरून कचेरी आमच्या विभागातली महागाई काढत असे. माझा तोलकाटा मुलीला द्यावा. साबणाची वडी किंमत तीच ठेवून पंधरा ग्रॅमनी रोडावली, ही लबाडी मी त्यावर पकडली होती. कंपन्यांनी तो उद्योग सोडलेला नाही, म्हणून काटा वापरात ठेवावा.

कलम २. धाकट्या भावाला माझ्या जुन्या फाइली द्याव्यात. पेट्रोल महागले की तो माझे आकडे खोटे ठरवतो. धान्य, भाडे, औषधे, फी, सगळ्यांचा मेळ घालतात आणि ज्यावर खर्च जास्त त्याला वजन जास्त देतात, हे त्याला तीस वर्षे सांगून माझा घसा बसला. तो फाइली वाचणार नाही, पण घरात अडचण तरी होईल.

कलम ३. घरखर्चाची रक्कम मी दरवर्षी कचेरीच्या टक्क्याइतकीच वाढवत असे. पुरत नाही, असे पत्नी म्हणे. मी तक्ता दाखवी. एकदा साडेचार टक्क्यांचा तक्ता पाहून ती म्हणाली, "हा टक्का कुकरला लावते. किती शिट्ट्या काढू?" मला राग आला होता.

कलम ४. निवृत्त झालो त्या दिवशी किराणा दुकानदाराने मला बाजूला घेतले. "काका, राग मानू नका. तुम्ही दर महिन्याला भाव विचारता, वहीत लिहिता आणि काही न घेता जाता. मला वाटायचं, परवडत नसेल. म्हणून भाव वाढला तरी तुम्हाला जुनाच सांगायचो."

म्हणजे ते दुकान माझ्या यादीत होते ती अकरा वर्षे आमच्या विभागातली महागाई माझी कीव येऊन थांबली होती. पत्नी मात्र त्याच दुकानात खऱ्या भावाने माल घेत होती आणि दुपारी लोकांचे कपडे शिवून तूट भरत होती. मी ती शिवणाची हौस समजत होतो. कचेरीत चूक कळवली. घरी सांगायला जीभ रेटली नाही, याची मला लाज वाटते.

कलम ५. आईला दरमहा ठरावीक रक्कम द्यावी व ती महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढवावी, असे मुलाने सुचवले आहे. मुलगा माझाच आहे, यात शंका उरली नाही. सूचना फेटाळली. घर आणि सर्व ठेवी पत्नीच्या. तिच्याकडे कोणी हिशेब मागू नये. ती म्हणेल तितकी महागाई झाली, असे समजावे.

कलम ४ आणि ५ मी तिला आज वाचून दाखवली. ती म्हणाली, "दुकानदार मला पहिल्याच वर्षी बोलला होता. तुमच्या नोकरीवर गदा आली असती, म्हणून गप्प राहिले."

मृत्युपत्र मरणाआधी लागू होत नाही, असे वकील सांगतात. तरी कलम ५ आजपासून लागू करत आहे.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. शेजारच्या शिक्षिका २. कोपऱ्यावरचे घड्याळजी
स्थळ: राहते घर, शिवणयंत्राशेजारी
दिनांक: एकोणीस जून