माझ्यानंतर तिचं कोण

आई, आज मी मृत्युपत्रावर सही करून आले. तू ऐकलं असतंस तर लाटणं पोळपाटावर आपटून म्हणाली असतीस, "वास्तू तथास्तु म्हणती, असलं अभद्र बोलू नाय." तुझ्या त्या धाकाने बाबा काहीच न लिहिता गेले. इथे मस्कतमध्ये भाड्याच्या फ्लॅटला वास्तू असते की नाही, देव जाणे. पण डॉक्टरांनी छातीतली गाठ काढायची म्हटल्यापासून मी घरात मोठ्याने बोलत नाही. हे तर आधीच गेले. लेक अजून चौथीत आहे, तिला माझ्याशिवाय कोणी नाही. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "सांभाळणाऱ्याचं नाव लिहिलं नाहीत, तर कोर्ट ठरवेल." बाकी सगळं भराभर सांगून झालं, आणि त्या एका नावापाशी मी अडले.

खरं तर अडायचं कारण काय? सख्खा मामा आहे. दादाला फोन केला तर म्हणाला, "अगं, विचारतेस काय? आपलंच रक्त आहे." मला रडूच आलं. पुढच्याच आठवड्यात वहिनीने व्हिडिओ कॉल केला आणि इंदिरानगरच्या तुझ्या घरातली मागची खोली दाखवली. भिंतींना नवा गुलाबी रंग, छोटा पलंग, त्यावर कोरी चादर. "ही हिची खोली." लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने विचारलं, "आम्ही कधी येणार?" वहिनी हसून म्हणाली, "तू येशील गं, लवकरच." मी येईन की नाही, ते कोणी बोललं नाही. ऑपरेशन अजून व्हायचं होतं आणि तिकडे रंगसुद्धा वाळला होता. मागून दादा म्हणाला, "घर अजून आईच्याच नावावर आहे. तुझा वाटा हिच्याकडे येणार. अठराची झाली की हक्कसोड करून घेऊ, म्हणजे भानगड नको. तुझ्यासारखंच."

माझ्यासारखंच. बाबांचं तेरावं झालंय, आणि तू मला निफाडच्या रजिस्टर ऑफिसात घेऊन आली आहेस. सायखेड्याच्या मळ्यातला माझा वाटा मी दादासाठी सोडायचाय. मी म्हणते, "आई, वाचू तरी दे." तू माझ्या पाठीवरून हात फिरवतेस. "वाचायचं काय त्यात? भावाशी वाकडं घेतलं तर माहेर राहील का? कर सही." सगळ्याच बहिणी करतात, तूही मालेगावला तुझ्या भावांसाठी केली होतीस. बाहेर आल्यावर दादाने साडी दिली, घरी तू गोडाधोडाचं केलंस, आणि मी पोटभर जेवले. राग यायला मला परदेश गाठावा लागला.

शेजारी केरळची एक बाई राहते, मी काम करते त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. लेक शाळेतून तिच्याकडेच जाते, तिच्याच हातचं जेवते. तिला विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, "आधी मुलीला विचारू." मुलीला विचारलं. तिने मान डोलावली आणि मला म्हणाली, "पण तू कुठे चाललीस?" मी भांडी घासायला उठले.

तर आई, मी त्या परक्या बाईचं नाव लिहिलं. दादाला अजून सांगितलेलं नाही. त्याला कळेल तेव्हा मी नसेन. तो तणतणत इथे येईल, रक्ताची भाषा बोलेल, आणि दारात माझी पोर उभी असेल. सोमवारच्या ऑपरेशनपेक्षा मला त्या दिवसाची जास्त भीती वाटते.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. नाव लिहिताना क्षणभर वाटलं, तू असतीस तर काही प्रश्नच नव्हता. मग नीट विचार केला. आई, तू असतीस तरी मी तुझं नाव लिहिलं नसतं.