पंच्याखालचा हात

गुरुजी,

गेल्या महिन्यात साखळीच्या दवाखान्यात एका यंत्राने मला नापास केले, आणि त्याला कारण तुम्ही. तुम्हाला जाऊन वीस वर्षे झाली, तेव्हा उलट बोलण्याची सोय तुम्हाला नाही, निमूट ऐका.

चतुर्थीनंतर मला अर्धांगाचा झटका आला. सौम्य, असे डॉक्टर म्हणाले; दुसऱ्याचे सगळे सौम्यच असते. वाचा शाबूत राहिली (बायकोच्या मते तीच गेली असती तरी चालले असते), पण उजव्या हाताची बोटे ऐकेनात. तिथे व्यायाम करून घेणारी एक डिचोलीची मुलगी आहे. तिच्याकडे काडेपेटीएवढा कॅमेरा आहे. मुळात पोरांच्या खेळासाठी निघालेला, म्हणून स्वस्त, म्हणून आमच्यापर्यंत पोचला. त्याच्यावर हात धरला की पडद्यावर आपल्याच हाताचा सापळा हलू लागतो आणि अंगठा नेमक्या बोटाला टेकला की फुगा फुटतो. तिने बजावले होते, महिनाअखेर अंगठा करंगळीला पोचला नाही तर डाव्या हाताने लिहायला शिकायचे. डाव्या हाताने! तीस वर्षे फळ्यावर विभक्ती लिहून पोट भरलेल्या माणसाला!

महिना संपला. ती म्हणाली, "काका, अंगठा एकेका पेराला लावत चला. सावकाश." आणि माझा हात आपसूक खांद्यावरच्या पंच्याखाली गेला. पडदा कोरा.

"काका, हात खंय गेलो?"

"अहो, जपाला बसलात की काय? काढा तो पंचा!" बायको म्हणाली.

मी मात्र पार्सेला, तुमच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मुंज नुकतीच झालेली आहे. काकू भाकरी थापताहेत. मी उघड्या हाताच्या पेरांवर गायत्री मोजतो आणि तुम्ही पळीने बोटांवर टोला देता. "जप काय बाजारात मांडायचा आहे? झाक तो हात!"

बायकोने पंचा ओढला तेव्हा बोटे मोजतच होती: अनामिकेच्या मधल्या पेरापासून खाली, तिथून करंगळीच्या तळाशी. खेळाचा क्रम तर्जनीपासून, तुमचा अनामिकेपासून. यंत्राने शून्य गुण दिले. पण मुलीने पडद्यावरची नजर काढून माझ्या हाताकडे पाहिले.

"काका, आंगठो करंगळीक पावलो! डावो हात रावूं दी आतां. रोज जप करता दिसता?"

"होय," मी म्हणालो. शेजारी बायको पंच्याची घडी घालत राहिली. भली बाई.

हे तुमच्या घरी पाठवून तुमच्या मुलाला वाचायला द्यावे असे मनात होते. पण पुढचे वाचून तो मला तुमच्या श्राद्धाला बोलवायचा नाही. मुंजीनंतर वर्षभरातच मी संध्या सोडली. दर भेटीत तुम्ही विचारायचात आणि मी "होय" म्हणायचो, तसाच त्या मुलीलाही म्हणालो. आता मात्र रोज मोजतो, त्या कॅमेऱ्यासमोर, उघड्या हाताने. झाकून मोजले की सातावरून एकदम दहावर जातो, गुरुजी. तेव्हाही जात होतो.