फिरलेल्या डोक्याची तपासणी व्हावी म्हणून

लिहून ठेवणार: रेवणप्पा वल्द महालिंगप्पा उदगिरे, वय वर्षे अडुसष्ट, धंदा अर्जनवीस, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी.

कारणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता, कोणाला न भिता लिहून ठेवतो. हात हलतो. मजकूर हलत नाही.

आता इथे "मी पूर्ण शुद्धीवर असून माझी बुद्धी शाबूत आहे" हे वाक्य यायला पाहिजे. रजिस्ट्री ऑफिसच्या लिंबाखाली बसून चौतीस वर्षांत हे वाक्य मी शेकडो लोकांसाठी लिहिले. त्यांतले निम्मे शुद्धीवर होते की नाही, देव जाणे. स्वतःसाठी मात्र ते तसेच खरडणार नाही, पुरावा देऊन लिहीन. कारण माझे मेहुणे कल्याणराव, राहणार सोनपेठ, यांनी गेल्या महिन्यात वकिलामार्फत नोटीस धाडली आहे की रेवणप्पाचे डोके फिरले आहे, सबब त्याने केलेला कोणताही कागद मानू नये.

कलम १. माझे डोके फिरल्याचे आजवर तीन वेळा जाहीर झाले. पहिल्यांदा अठ्ठ्याहत्तर साली. नामांतराच्या दंग्यात ज्यांची घरे जळाली त्यांचे नुकसानीचे अर्ज लिंबाखालचा एकही अर्जनवीस लिहीना. मी लिहिले. तेव्हा आमच्याच गल्लीतले लोक म्हणाले, "रेवणप्पाचं डोकं फिरलंय." सोळा वर्षांनी, गेल्या संक्रांतीला, विद्यापीठाचे नाव बदलले. ते म्हणणारे अजून तिथेच आहेत.

दुसऱ्यांदा सत्त्याऐंशी साली, माझे अक्षर बारीक झाले तेव्हा. आधी एका पानात माझ्या सतरा ओळी बसत. मग सव्वीस बसू लागल्या, मग चाळीस. लोक म्हणाले, डोकं फिरलंय, रेवणप्पा कागद वाचवायलाय. आणि गंमत बघा, गिऱ्हाईक वाढले! चार पानांचे खरेदीखत दीड पानात बसते म्हटल्यावर पालमपासून माणसे यायला लागली. कोणाच्या, माझ्यासुद्धा, मनात आले नाही की हा आजार आहे. पुढे हात थरथरायला लागला तेव्हा एका साहेबाने सगळ्यांदेखत माझ्या तोंडाचा वास घेतला. मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. त्या साहेबाचे नाव मला पाठ आहे, पण इथे लिहून त्याला मोठे करणार नाही.

आजाराचे नाव कंपवात. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर किशनराव यांनी ते नव्वद साली सांगितले. त्यांच्या गोळीने दीड घंटा हात ऐकतो. तेवढ्या वेळात रोज थोडे थोडे करून हा कागद मी अकरा दिवसांत लिहिला आहे. शाई कुठे गडद, कुठे फिकी दिसेल. खाडाखोड नाही.

तिसऱ्यांदा डोके फिरले ते आत्ता. ते कलम ६ मध्ये येईल.

आणि एक गोष्ट मीच सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला शोधावी लागणार नाही. दिवाळीपासून मी विसरायलाही लागलो आहे. एकदा पोस्टाची वाट चुकलो. एकदा "सबब" हा शब्दच आठवेना, चौतीस वर्षे ज्याच्यावर जेवलो तो शब्द! म्हणून घाई आहे.

कलम २. मृत्युपत्र मेल्यावर, तेराव्यानंतर उघडायची रीत आहे. या मृत्युपत्राला ती रीत चालणार नाही. तोवर जे द्यायचे ते मातीत गेलेले असेल. म्हणून याच्या नकला आजच रजिस्टर पोस्टाने कल्याणरावांस, माझ्या मुलीस आणि डॉक्टरांस जात आहेत. मी जिवंत आहे तोवर वाचा आणि काय भांडायचे ते माझ्याशी भांडा.

कलम ३. राहते घर, त्यातील भांडीकुंडी व बँकेत जे काही आहे ते सर्व माझी एकुलती मुलगी महानंदा हिला. ती परभणीस शाळेत शिकवते. घराला गिऱ्हाईक आल्यास तिने खुशाल विकावे. वडिलांची आठवण म्हणून गळकी माळवदे लिंपीत बसू नये.

कलम ४. माझे लिहायचे डेस्क, पितळी दौत आणि टाकांचा डबा चंद्रभान याला. तो माझ्या शेजारच्या चटईवर बसतो. गेली तीन वर्षे मी तोंडाने सांगायचे आणि त्याने लिहायचे असे आम्ही पोट भरले. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ कच्चे आहे. डेस्क मिळाले म्हणून ते सुधारेल असे नाही, पण मन मोठे आहे.

कलम ५. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. त्यात गोळीचा दोष नाही.

माझी पत्नी उमादेवी. त्र्याऐंशीपासून तिला विसर पडू लागला. आधी मीठ, मग चुलीवरचे दूध, मग शेजारणींची नावे. लोक म्हणाले बाहेरचे आहे. लिंबू झाले, अंगारे झाले, एकाने तिला झाडूने मारलेसुद्धा, आणि मी दारात उभा होतो. माझ्यासारखा शिकलेला माणूस दारात उभा राहून बघत होता, हे लिहिलेच पाहिजे.

पंच्याऐंशी साली कल्याणराव बहिणीकडून सोनपेठच्या जमिनीचे हक्कसोडपत्र करून घ्यायला आले. म्हणाले, "दाजी, तुमीच लिवा. घरची बाब हाय, भायेर कशाला?" बायको वेडी झाली असे सरकारी कागदावर लिहायची मला लाज वाटली. मी लिहिले, "लिहून देणार पूर्ण शुद्धीवर असून राजीखुशीने." ती माझ्या शेजारी बसली होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, सही विसरली म्हणून अंगठा पुढे केलेला. माझ्या कागदाकडे टक लावून बघत होती. मग मला म्हणाली, "अक्षर लय छान हाय तुमचं. आमच्या मालकाचं बी असंच होतं."

मी तिचा अंगठा धरला आणि शाईत बुडवला.

ते हक्कसोडपत्र खोटे आहे, हे मी लिहिणारा म्हणून कबूल करतो. महानंदाने आपल्या आईचा हिस्सा मागावा. न मागितला तरी चालेल, पण खोटे ते खोटे. कल्याणरावांची नोटीस याच भीतीने आलेली आहे. ज्यांना विसरभोळ्या बहिणीचा अंगठा शहाण्याचा चालला, त्यांना शाबूत दाजीची सही वेड्याची वाटायला लागली. वा रे वा!

कलम ६. आता मूळ मुद्दा. माझ्या मृत्यूनंतर माझा मेंदू डॉक्टर किशनराव यांना संशोधनासाठी द्यावा.

उमादेवी एकोणनव्वदला गेली तेव्हा याच डॉक्टरांनी विचारले होते. म्हणाले, "हा आजार नेमका कोणता होता ते जिवंतपणी आम्ही अंदाजाने सांगतो. खात्री मेंदू पाहिल्यावरच होते. तो आकसलेला असतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यात डाग आणि गुंतलेले धागे दिसतात. पण बघायला देतं कोण?" मी दिला नाही. लोक काय म्हणतील, स्वामी काय म्हणतील, याची भीती. तिला काय झाले होते हे कोणालाच कळले नाही. लिंबूवाल्यांना आजही वाटते की बाहेरचेच होते. याचे मला जितके वाईट वाटते तितके त्या अंगठ्याचेही वाटत नाही.

माझ्या आजाराबद्दल डॉक्टरांनी सांगितले की मेंदूच्या बुडाशी दोन काळ्या रेघा असतात, आणि कंपवातात त्या फिक्या पडतात. नुसत्या डोळ्यांना दिसते म्हणे. मी म्हणालो, म्हणजे माझी आतली शाई उडत चालली. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. मला आता विसर पडतो आहे, तर उमादेवीच्या डोक्यातले डागही माझ्यात असतील का, असे विचारले. "असू शकतात. कधीकधी दोन्ही एकाच डोक्यात सापडतात. पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही," म्हणाले. तर पाहा.

मेंदूबरोबर माझ्या नोंदवह्याही द्याव्यात. लिहिलेल्या प्रत्येक कागदाची नोंद मी स्वतःच्या अक्षरात ठेवलेली आहे, साल एकसष्टपासून. डॉक्टरांनी त्या चाळल्या आणि खुर्चीतून उठले. म्हणाले, आजार ओळखू येण्याच्या कितीतरी आधीपासून अक्षर लहान होत गेलेले यात तारीखवार आहे, असे मिळत नाही. म्हणजे मी कागद वाचवीत नव्हतो, कल्याणराव. आजार आपली नोंद माझ्याच हाताने करून ठेवीत होता.

व्यवस्था अशी: जीव जाताच महानंदाने पोस्टातून डॉक्टरांना ट्रंक कॉल करावा. काही घंट्यांच्या आत काम झाले पाहिजे. ते जीप घेऊन स्वतः येतील. बर्फ लागल्यास बसस्टँडमागच्या गारीगारवाल्याला सांगून ठेवले आहे. कशासाठी ते त्याला सांगितलेले नाही, कोणी सांगूही नये. गळ्यातले लिंग काढू नये. त्यांचे काम डोक्यात आहे, गळ्यात नाही.

माझा मेंदू नासका आहे असे कल्याणरावांचे म्हणणे असेल, तर तो तपासायला त्यांचा विरोध का, हे त्यांनी चार माणसांत सांगावे. मी तर म्हणतो नासका आहेच! म्हणूनच देतो. चांगला असता तर कोणाच्या काय कामाचा होता?

कलम ७. माती. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत. बसवून पुरतात, आणि खड्ड्यात उतरवण्याआधी स्वामी मयताच्या डोक्यावर पाय ठेवतात. त्या पायाशिवाय आमच्या माणसाला वाट नाही अशी समजूत आहे. मीही ती मानतो, खोटे कशाला बोलू? कल्याणरावांनी हीच नस धरली. दारात उभे राहून म्हणाले, "डोस्कं फोडून घेतलं तर स्वामी पाय ठिवणार न्हाईत. समाजातलं कुत्रं बी मयतीला येणार न्हाई. बसा मग वाट बगत!"

मी गुरुलिंगय्या स्वामींकडे गेलो. आमच्या तीन पिढ्यांवर त्यांच्या मठाचा पाय पडला आहे. सगळे सांगितले. डॉक्टर शिवून देतात, वर फेटा बांधला की काही दिसत नाही, हेही सांगितले. स्वामींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "डोकं रिकामं आसंल, तर मी पाय कशावर ठिवू?"

माझी गोळी उतरत आली होती, मान लटलट हलत होती. तरी बोललो, "स्वामी, आजवर ज्यांच्यावर ठेवला त्यांची सगळ्यांची भरलेली होती का?"

ते हसले नाहीत. "बगतो," एवढेच म्हणाले आणि आत गेले. त्याला आज नऊ दिवस झाले.

तर आता ऐका. स्वामी आले तर माझे भाग्य. नाही आले तर महानंदाने माझ्या डोक्यावर आपला उजवा हात ठेवावा आणि मला उतरवावे. माणसे कमी पडली तर चंद्रभानने लिंबाखालचे अर्जनवीस आणावेत, आणि अठ्ठ्याहत्तरला ज्यांचे अर्ज लिहिले त्यांना निरोप धाडावा. ते येतील. मला वाट मिळो न मिळो, मेंदू जाईल. उमादेवीच्या वेळी मी भ्यालो. दुसऱ्यांदा भिणार नाही, नाही, नाही.

माझी जागा तिच्या शेजारी.

कलम ८. कल्याणरावांस माझे भिंग. हा कागद त्यांना त्याशिवाय वाचता येणार नाही. भिंगाचा दांडा तुटका आहे, तो त्यांनीच पंच्याऐंशी साली तिच्या अंगठ्याचा ठसा तपासताना तोडला होता.

येणेप्रमाणे लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. शेकडो लोकांची केली, स्वतःची वेळ आज आली. वाचून पाहिले, बरोबर आहे, बुद्धी शाबूत आहे. पुरावा म्हणून ती डॉक्टरांकडे ठेवायला दिली आहे.

सही: रेवणप्पा महालिंगप्पा उदगिरे
(बारीक आहे, पण माझी आहे.)

मुक्काम गंगाखेड, तारीख ७ फेब्रुवारी १९९४

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही:

१. दिनकरराव बापूराव जामगे, निवृत्त हेडमास्तर, गंगाखेड. माझ्यासमोर सही केली.

२. गुरुलिंगय्या शिवय्या मठपती, गंगाखेड. न बोलावता आलो. भिंग लावून कलम सात वाचले. पाय ठेवीन.