रविवारचं माप

३ मार्च
इन्शुरन्स कंपनीचा मेल आला. वजन कमी करायचं इंजेक्शन मला नामंजूर. म्हणे ही 'दिसण्याची बाब' आहे. पोट माझं आणि ठरवणार हे! बायकोला मात्र तेच इंजेक्शन मंजूर, कारण हिला डायबेटिस. हप्ता कापतात माझ्या पगारातून आणि औषध हिला. अजब न्याय.
आज एका दुकानदाराचा काटा किलोमागे पन्नास ग्रॅम खाताना पकडला. साहेब, चूक झाली, म्हणाला. मी म्हटलं, चूक एकदा होते, रोज होते ती चोरी. काटा जप्त केला, लेखी घेतलं. वजनमाप खात्यात मी असेपर्यंत मापात पाप चालणार नाही. घरी येऊन हिलाही दुकानदाराला सुनावलेलं ते वाक्य ऐकवलं. छान जमलंय.

८ मार्च, रविवार
पहिलं इंजेक्शन. पेनासारखं असतं. आठवड्यातून एकदा, मागची चकती फिरवून डोस लावायचा. हिला चकतीवरचा आकडाच दिसत नाही, साखर डोळ्यांवर आलीय. डॉक्टर म्हणाले, आधी साखर खाली आणा, मगच डोळ्यांचं ऑपरेशन. उशीर झाला तर गेलेली नजर परत यायची नाही. म्हणून डोस लावायचं काम माझ्याकडे. अख्खी हयात मोजण्यात गेली, काम योग्य हातात पडलं.
औषध जोरकस आहे. एकदम पूर्ण देणं बरं नव्हे. अर्धं दिलं. उरलेलं वाया जाऊ नये म्हणून संध्याकाळी, सुई बदलून, मी घेतलं. हप्ता माझाच आहे.

५ एप्रिल, रविवार
पट्टा दोन भोकं आत! ऑफिसात सगळे विचारतात, गुपित काय? मी सांगतो, जिने आणि जिद्द. (लिफ्ट बंद आहे, हे कशाला सांगा.) साहेब मला 'फिट कर्मचारी' म्हणून बिल्ला देणार आहेत.
हिचं वजन जागच्या जागी. तोंडावर ताबा नको? म्हणते, चहातली साखर सोडली, रोज चालते. गुपचूप खात असणार. ही आंघोळीला गेल्यावर कपाट तपासलं. एक बिस्किटही सापडलं नाही. भलतीच बेरकी!

२८ एप्रिल
कंपनीचं पत्र. हिच्या रिपोर्टमध्ये सुधारणा नाही. पुढचाही असाच आला तर कव्हर बंद. कव्हर नसेल तर एका पेनात माझा अर्धा पगार जाईल.
निश्चय: येत्या रविवारपासून हिला पूर्ण डोस. काळ्या दगडावरची रेघ.

३ मे, रविवार
बुधवारी बिल्ल्याचा समारंभ. नवी पँट शिवून आलीय, त्यात श्वास घ्यायलाही जागा नाही. एवढा शेवटचा रविवार.

१० मे, रविवार
बिल्ला मिळाला. आता वजन वाढलं तर खात्याची अब्रू जाईल. एवढा शेवटचा.

२१ मे
हिने चहा कपाबाहेर ओतला. मी ओरडलो. ही पुसायला लागली. सांडलं होतं एकीकडे, ही पुसत होती भलतीकडेच. रात्री जेवण गेलं नाही. हल्ली भूक लागतच नाही म्हणा.

९ जून
दुसरा रिपोर्ट आणखी वाईट. 'औषध लागू पडत नाही, सबब महिनाअखेरीस कव्हर बंद.' अपील करता येतं. डोस कमी गेला असेल तर डोस देणाऱ्याने कारणासह तसं लिहून द्यायचं. पॉलिसी ऑफिसची, म्हणजे कागद साहेबांच्या सहीने जाणार. बिल्ला लावणारे साहेब हेच.
कागद ड्रॉवरमध्ये टाकला. या कंपन्या मेल्या चोरच. काहीतरी मार्ग निघेल.

१४ जून, रविवार
काल ही शेजारणीचा हात धरून नर्सकडे गेली होती. आज नेहमीसारखं पेन माझ्या हातात दिलं. मी चकती फिरवली. ही डोळे मिटून बसली होती. हिने विचारलं, लावून झालं? म्हटलं, झालं.
म्हणाली, नर्सने चकती फिरवून दाखवली तेव्हा कितीतरी वेळ टिकटिक वाजत होती. मी म्हटलं, पेनापेनात फरक असतो. म्हणाली, हेच पेन नेलं होतं.
मला तिच्याकडे बघवेना. तिला माझा चेहरा नीट दिसत नाही हे बरं, असं वाटून गेलं. मग त्याचीच लाज वाटली.
तिने विचारलं, अहो, काटा कमी निघाला तर दुकानदाराचं काय करता तुम्ही?
म्हटलं, काटा जप्त करतो. लेखी घेतो.
तिने हात पुढे केला. पेन दिलं. तिने चकती अडेपर्यंत फिरवली आणि स्वतः टोचून घेतलं. मग म्हणाली, नर्सने अपिलाचं सांगितलंय, कागद आणा.
आणला. लिहिलं: 'मोजण्यात चूक झाली.'
वाचून दाखवा, म्हणाली. दाखवलं.
म्हणाली, चूक एकदा होते.
दुसरा कागद घेतला.