वाघिणीवरचा गंज

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१५ जुलै २०२४

चि. स्वप्नील यास,
अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले. या घटकेला मनात एकही नाही.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून कागद. तुमच्या सोसायटीच्या लेटरबॉक्समध्ये मी स्वतः टाकून जाईन, पण वर येणार नाही. कालचं तुझं बोलणं ऐकल्यावर तुझी बेल दाबायची हौस उरलेली नाही.

काल बाबांसाठी पितळी तार आणि दोन बारीक ब्रश घेऊन आले, तर गॅलरीत त्यांचं टेबलच नाही. जिथे त्यांची छोटी मालगाडी उभी असायची तिथे कपडे वाळत घालायचा स्टँड. इंजिनं, वाघिणी, सगळं खोक्यांत भरून माळ्यावर. आणि बाबा टीव्हीसमोर. टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर त्यांना सांगता आलं नाही.

ज्या माणसाने सगळी नोकरी रेल्वेच्या मालगाड्यांच्या वाघिणी रंगवण्यात घालवली, निवृत्तीनंतर त्याच वाघिणी तळहातावर मावतील एवढ्या करून त्यांच्यावर धूळ, काजळी, गंज खराखुरा वाटेल असा चढवला, त्याला तू रिकाम्या हातांनी बसवून ठेवलंस. मी विचारलं तर म्हणालास, ताई, तू पाहुणी आहेस, पाहुण्यासारखी राहा. तेही तुझ्या बायकोसमोर, रुचितासमोर.

सरळ सांग ना, गॅलरी हवी होती. आजाराचं नाव कशाला?

राग कमी झाला तर कळव. माझा होणार नाही.
तुझी ताई,
रसिका

*

पूनम सागर, मीरा रोड
१९ जुलै २०२४

ती. रसिकाताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्याआधी वॉचमनने, रुचिताने आणि शेजारच्या काकूंनी ते हाताळलं, कारण तू पाकीट चिकटवायची तसदी घेतली नव्हतीस.

गॅलरीचं ऐक. मे महिन्यात बाबांना ॲडमिट केलं तेव्हा तू दुपारी यायचीस, फळं ठेवायचीस, त्यांच्याशी इंजिनांच्या गप्पा मारायचीस आणि संध्याकाळी जायचीस. डॉक्टर राउंडला सकाळी येतात, ताई. ते काय बोलले ते मी ऐकलं. विडीने फुप्फुसं आधीच खाल्लीत, आता स्प्रे, थिनर, टर्पेंटाइन यांचा वाससुद्धा नको, पुढचा झटका परतू देईलच असं नाही. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, डॉक्टर लोक असंच बोलतात.

आणि वाढदिवसाला तो एअरब्रश आणि कंप्रेसर कोणी दिला? बाबा खूश झाले, तू फोटो काढलास, ग्रुपवर टाकलास, सगळ्यांनी वा वा केली. नंतर त्यांना धाप लागली तेव्हा फोटो काढायला तू नव्हतीस. तू हौस पुरवतेस, मी नेब्युलायझर लावतो. असं वाटून घेतलंय आपण.

टेबल काढायच्या आधी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुझं घर आहे, तुला हवं ते कर.

रुचिताने नमस्कार सांगितलाय. तिने खरंच सांगितलाय, म्हणून लिहिला.
स्वप्नील

*

बेव्हर्ली पार्क
२ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हा कागद आणि लाडवांचा डबा उद्या सकाळी बागेत तुमच्या हातात देईन. बोलत बसले तर तुमची बाकावरची मंडळी ऐकतील आणि तासाभरात स्वप्नीलला कळेल.

डब्यात वरच्या थराला लाडू आहेत. खाली प्लॅस्टिकचे पातळ पत्रे, चाकांच्या दोन जोड्या, पाण्यात विरघळणारे रंग आणि मास्क. या रंगांना वास नाही, मी नाकाशी धरून बघितलंय. सिमेंट वाहणारी बंद वाघीण करायची म्हणत होतात ना, ती करा. तो ऑफिसला गेला की बसा, यायच्या आत आवरा. रुचिता दुपारी झोपते.

आणि त्याला सांगू नका. मला वचन द्या.

तब्येतीला जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात, मीही सांगते.
तुमची,
रसिका

*

पूनम सागर
१० ऑगस्ट २०२४

चि. रसिका हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लाडू बेसनाचे होते, तूप कमी पडले. डब्याचा तळ मात्र फार गोड लागला.

वाघिणीचा सांगाडा उभा राहिला. एकास सत्त्याऐंशी, म्हणजे खऱ्या वाघिणीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा, हे माप आता डोळ्यांना झेपत नाही, भिंग लावून दरवाजाच्या कड्या बसवल्या. हात थरथरतो, पण पत्रा कापताना नाही. त्याला काम कळते. तुझा भाऊ सहाला येतो, मी साडेपाचला टेबल सोडतो. टेबल म्हणजे इस्त्रीचे. जेलरसुद्धा कैद्याला सांगून झडती घेतो. हा येतो तो आधी वास घेतो.

आता तक्रार. तुझे पाण्याचे रंग कामाचे नाहीत. त्यांनी गंज रंगवता येतो, चढवता येत नाही. खरा गंज कडीच्या खालून सुरू होतो, पावसाबरोबर उतरतो, खाली येताना फिकट होतो. सिमेंट छपराच्या कडेला साचून त्याचे करडे ओघळ धरतात. चाकांजवळ ब्रेकची तपकिरी पूड बसते. हे सगळे एकमेकांत मुरायला हवे. त्याला तेलाचा रंग आणि टर्पेंटाइनच लागते. पाण्याचा रंग वाळला की सुटा दिसतो, शाळेच्या नाटकातल्या मिशीसारखा.

एक छोटी बाटली दे. औषधाच्या बाटलीएवढी पुरे. नाही म्हणायचे असेल तर तुझ्या तोंडाने म्हण, डॉक्टरच्या नको. तो माझ्याशी लहान मुलासारखे बोलतो. हल्ली तूही बोलतेस.

तुझा,
बाबा

*

बेव्हर्ली पार्क
१६ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

तुमच्या पत्राने मला चार दिवस छळलं. नाही म्हणायचं होतं. लिहायलाही घेतलं होतं. पण त्या टीव्हीसमोर बसलेले तुम्ही दिसता आणि मला लिहवत नाही.

बाटली डब्यात आहे. थेंबभरच वापरा, मास्क काढू नका, खिडकी उघडी ठेवूनच बसा. बाटलीवरही लिहिलंय. बरं वाटेनासं झालं तर लगेच थांबा. आणि वचन विसरू नका.

रसिका

*

पूनम सागर
९ सप्टेंबर २०२४

रसिकाताई,

नमस्कार वगैरे राहू दे.

कळवायला लागतंय म्हणून कळवतो. बाबा परवापासून आयसीयूत आहेत. घरात गणपतीची आरास चालली होती, मी फुलं आणायला खाली गेलो होतो. रुचिताने गॅलरीच्या काचेच्या दारावरचा पडदा सारला तर बाबा आत जमिनीवर. ओठ निळे. तिला वाटलं गेले. ती आता हे कोणालाही सांगताना मध्येच थांबते. तुला सांगायला तर तयारच नाही.

शेजारी बाटली होती. तिच्यावर तुझं अक्षर. ‘खिडकी उघडी ठेवूनच.’ म्हणजे काय होऊ शकतं ते तुला नीट माहीत होतं. मी इतके दिवस समजत होतो की तुला कळत नाही.

लाडवांचे डबे आठवले आणि मला स्वतःची लाज वाटली. बाबा बागेतून परतले तेव्हा त्यांच्या हातून घेऊन ते मीच दोन वेळा खालून वर उचलून आणले होते.

हॉस्पिटलमध्ये ये. तुझे वडील आहेत. माझ्या घरी येऊ नकोस.

स्वप्नील

*

बेव्हर्ली पार्क
१२ सप्टेंबर २०२४

स्वप्नील,

आयसीयूच्या बाहेर तू मला पाहिलंस आणि भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत उभा राहिलास. ठीक आहे. मीही तुझ्याशी बोलायला आले नव्हते.

बाटली मी दिली. त्याचं काय करायचं ते माझं मी बघेन, तुझ्यासमोर रडणार नाही. पण रुचिता माझ्याशी बोलली. तू कॅन्टीनला गेला होतास तेव्हा स्वतः येऊन शेजारी बसली. ती म्हणाली, खिडकी आतून बंद होती. काचेचं सरकतं दारही बंद. आणि दाराच्या खाचेत ओला टॉवेल दाबून बसवलेला.

टॉवेल, स्वप्नील. माणूस आपल्याच घरात वास कोणापासून लपवायला दाराखाली टॉवेल लावतो? माझी चूक वास देण्याची, तुझी वास घेण्याची. माझ्या बाटलीबद्दल हजार वेळा बोल. त्या टॉवेलबद्दल एकदा बोल.

उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन.
रसिका

*

पूनम सागर
६ ऑक्टोबर २०२४

चि. रसिका व चि. स्वप्नील यांस,
दोघांना मिळून एकच आशीर्वाद. वाटून घ्या, नाहीतर त्यावरूनही भांडा.

एकच मजकूर दोनदा लिहिला आहे. स्वप्नील बाजूच्या खोलीत आहे, तरी त्यालाही पाकिटात घालून देणार, कारण तोंडाने सांगू लागलो की तो ऑक्सिजनच्या मशीनकडे बघतो. लिहायला तीन दिवस लागले. मध्येमध्ये पडून राहावे लागते.

टॉवेल मी लावला. खिडकी मी लावली. स्वप्नीलच्या नाकाला भिऊन लावली आणि रसिकाला दिलेल्या वचनाला भिऊन लावली. या वयात मला दोन मालक झाले. एकाने हात बांधले, दुसरीने चोरी शिकवली. दोघांनीही माझ्या भल्यासाठी केले, हे मला रोज कोणीतरी सांगते.

तुमची दोघांची पत्रे रुचिताने मला वाचून दाखवली, रसिकाकडची तिच्याकडून मागून आणून. मीच हट्ट धरला, तिच्यावर डाफरू नका. छान लिहिता. एकमेकांना कुठे लागते ते दोघांना अचूक माहीत आहे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तुम्ही माझ्यावरून भांडता, माझ्याशी कोणी भांडत नाही. स्वप्नील मला कधी समोर बसवून म्हणाला नाही की बाबा, तुम्ही मराल, मला भीती वाटते. रसिका कधी म्हणाली नाही की बाबा, ही बाटली मागू नका, मला नाही म्हणता येत नाही. म्हणाला असतात तर मी ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण ऐकले असते कदाचित. आता सांगता येत नाही.

त्या दिवशी जमिनीवर पडलो तेव्हा रुचिताला हाक मारायची होती. तोंड उघडले, आवाजापुरता वारा नव्हता. काचेपलीकडे तिची सावली हलत होती. तसे पुन्हा व्हायला नको आहे. म्हणून टर्पेंटाइनला मी हात लावणार नाही. डॉक्टर म्हणतो म्हणून नाही, मुलगा म्हणतो म्हणून नाही. मला भीती वाटली म्हणून.

पण वाघीण अर्धी आहे. एका बाजूला गंज उतरलाय, दुसरी बाजू कारखान्यातून आजच निघाल्यासारखी. असे काम मी नोकरीत कधी सोडले नाही. ते तुम्ही पुरे करायचे. टेबल परत गॅलरीत लागेल, खिडकी सताड उघडी. काचेचे दार बंद. मी हॉलमध्ये नळी लावून खुर्चीवर बसेन आणि काचेतून सांगेन. एका रविवारी एकाने यावे, पुढच्या रविवारी दुसऱ्याने. एकत्र बसा असे म्हणत नाही, ती आशा सोडली आहे.

रसिकाने घरी येऊ नये असे स्वप्नीलने लिहिले होते. घर त्याचे आहे, हे मीच त्याला म्हणालो होतो. आता म्हणतो की गॅलरी माझी आहे.

लोभ तुम्हा दोघांत नसला तरी माझ्यावर ठेवा. तेवढा पुरेल.
तुमचा,
बाबा

*

पूनम सागर
१५ डिसेंबर २०२४

ती. रसिकाताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या रविवारी तुझी पाळी आहे, म्हणून कामापुरतं लिहितो. याचा अर्थ मी विसरलो असा घेऊ नकोस. रुचिता अजून पडदा सारताना क्षणभर थांबते, ते मी रोज बघतो. टॉवेलचं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर लिहिलं असतं.

तू मागच्या वेळी छपराला जो गंज दिलास तो फार लाल झाला होता. बाबांनी आज माझ्याकडून निम्मा पुसून घेतला. पुसून घेताना त्यांना जो आनंद झाला तो तुझ्यापर्यंत पोचावा म्हणून मुद्दाम लिहिलं. तुला माझ्याबद्दल काय सांगतात ते विचारणार नाही.

काचेतून त्यांचं बोलणं ऐकू येत नाही, तुला माहीतच आहे. ते बोटाने काचेवर रेघ ओढून दाखवतात, ओघळ कुठून कुठवर. चुकलं की काच वाजवतात. आज खूप वाजवली. मला ब्रश धरता येत नाही, असं त्यांनी खुणेने रुचितालाही सांगितलं. एकदा मी वैतागून ब्रश टाकला आणि आतल्या आत बोलू नका, नीट सांगा, असं ओरडलो. ते हसले. मग दार इंचभर उघडायला लावून म्हणाले, “आत्ता कसा भांडलास.” लगेच दार लावून घेतलं.

सकाळी गारठा होता. ते काचेला अगदी नाक लावून बसले होते. श्वास सोडला की काचेवर वाफ धरायची, घेतला की विरायची. पुन्हा धरायची. तेवढ्या ठिपक्यामागून त्यांना वाघीण दिसत नव्हती, म्हणून सारखे बाहीने पुसत होते. मी खाली बघून कडीखालचा ओघळ काढत होतो, पण खरं सांगायचं तर माझं लक्ष तिथे नव्हतं. मी ती वाफ बघत होतो. ती पुन्हा धरली की ब्रश टेकवायचो.

राहिलेल्या बाजूचा डावा भाग बराचसा झाला आहे, उजव्याला तू हात लावू नकोस असं मी म्हणत होतो. पण बाबा म्हणाले, तिला लावू दे. तर लाव.

दहाला ये. मी घरी असेन. बोलायलाच हवं असं नाही.
स्वप्नील